गोळीशिवायची रात्र

एप्रिलात पिंपळगाव-ओझरकडच्या द्राक्षबागांची खरड छाटणी उरकली की ओलांडे उघडेबोडके दिसतात. परक्याला वाटावं, बाग वाळली. पण काडीतले डोळे जिवंत असतात. पंधरवड्यात पोपटी फुटवे निघतात. एचआयव्हीचंही असंच. रोजच्या औषधाने रक्तातला विषाणू इतका कमी होतो की चाचणीत सापडत नाही. पण प्रतिकारशक्तीच्या काही सीडी-४ पेशींच्या डीएनएत तो दडून राहतो. औषध थांबलं की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा फुटतो.

माझी एक मैत्रीण अशाच बागेची मालकीण. रोज रात्री नऊला तिची एचआयव्हीची गोळी. डबीवरचं लेबल तिने नखाने खरवडून काढलंय. चिकटलेल्या कागदाचे पांढरे तुकडे तेवढे उरलेत. लग्नकार्याला गेली की एक गोळी रुमालाच्या गाठीत. ‘गोळीचं काही नाही गं,’ ती म्हणते, ‘लपवायचा कंटाळा आलाय.’

म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या चाचणीची बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. आपल्याकडे आणि त्या देशात पसरलेला विषाणू मुख्यतः एकाच, ‘सी’ उपप्रकारातला. डर्बनमधल्या एचआयव्ही असलेल्या २० तरुणींना विषाणूची अनेक रूपं ओळखणारी दोन प्रतिपिंडं देण्यात आली. सोबत व्हेसाटोलिमॉड, प्रतिकारशक्तीला डिवचणारं औषध. दडलेल्या विषाणूलाही त्याने जाग यावी, ही आशा. मग डॉक्टरांच्या नजरेखाली रोजच्या गोळ्या थांबवल्या. २०२५मध्ये निकाल आला: चौघी वर्षभराहून जास्त काळ गोळ्यांविना राहिल्या. बाकीच्यांना गोळ्यांकडे परतावं लागलं. पण त्या चौघींइतकंच मोल मला या परतलेल्यांचंही वाटतं. फुटवा कधी येईल याची धास्ती घेऊन त्यांनी रक्त तपासायला दिलं, तेव्हा कुठे हे कळलं.

हे सगळं मैत्रिणीला सांगताना मी आधी हात जोडले: तू मनाने गोळी सोडायची नाहीस. औषध मध्येच थांबवून पाहणाऱ्या ‘स्मार्ट’ या मोठ्या अभ्यासात आजार आणि मृत्यू दोन्ही वाढले होते. २००६मध्ये ते सिद्ध झालं. २००४च्या एप्रिलपासून सरकारी दवाखान्यांत फुकट मिळू लागलेल्या याच औषधांनी हजारो घरं सावरली आहेत. शिवाय डर्बनच्या मुलींना लागण झाल्यावर लगेच उपचार मिळाले होते, त्यामुळे दडलेला साठाही लहान. हिचं निदानच उशिरा झालेलं. हे सांगताना जीभ जड झाली, पण खोटी आशा तिला कशी देऊ?

तिने शांतपणे ऐकलं. पहिला प्रश्न त्या चौघींचा नव्हता. ‘बाकीच्या सोळा जणींना गोळ्या वेळेवर मिळाल्या ना?’

मिळाल्या, म्हटलं. मग पुण्यातल्या भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेविषयी बोलणं निघालं. एचआयव्ही लशीची देशातली पहिली चाचणी २००५मध्ये तिथेच, निरोगी स्वयंसेवकांवर झाली होती. ती सरसावून बसली. ‘असं काही पुण्यात निघालं तर आधी मला सांग. माझं दुखणं जुनं असलं तरी रक्त चालेल का, विचार. छाटणी सोडून येईन.’