ओहोटी बघून जा

अलिबाग

चि. मनूस,


मैत्रिणींबरोबर ओमाहा बीचला जाणार आहेस आणि तिथे नेमकं काय बघू, असं विचारलं आहेस. स्मारकं नि संग्रहालयं तुला कुणीही दाखवील. मी जन्मभर भूगोल शिकवला, तेव्हा माझं उत्तरही भूगोलाचंच: ओहोटी बघून जा. भरतीला गेलीस तर वाळूची चिंचोळी पट्टी दिसेल आणि 6 जून 1944 च्या सकाळी तिथे उतरलेली अमेरिकी सैनिक माणसं किती उघड्यावर होती, ते कळायचंच नाही.

तिथे उधाणाला पाणी सहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीला तीनएकशे मीटर वाळू मोकळी होते. कुलाबा किल्ल्यातून परतायला उशीर झाला की पाणी कसं वेढतं, ते तू लहानपणी पाहिलं आहेस. तिथे ते तसंच, पण अधिक वेगानं चढतं. शत्रू भरतीला येईल, म्हणजे त्याला उघड्यावर कमी धावावं लागेल, असा जर्मन सेनापती रोमेलचा हिशेब. म्हणून त्यानं भरतीत बुडून राहतील असे खांब आणि लोखंडी अडथळे किनाऱ्यावर रोवले, त्यांवर सुरुंग बांधले. मित्रराष्ट्रांनी उलटं ठरवलं. ओहोटी संपून पाणी चढू लागलं की उतरायचं, म्हणजे अडथळे दिसतील. होड्या वाचाव्यात म्हणून घेतलेल्या या निर्णयाची किंमत पायदळानं मोजायची होती: सगळी वाळू मशीनगनसमोर ओलांडून.

तयारीत मात्र कसूर नव्हती. लिव्हरपूलजवळ आर्थर डूडसन या शास्त्रज्ञानं यंत्रावर तिथल्या भरतीची गणितं केली. किनारा कुठला, हे त्याला सांगितलं नव्हतं. 1943 च्या शेवटच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि रणगाडे रुततील की काय, हे तपासायला वाळूचे नमुने घेऊन आले. चंद्र आणि भरती दोन्ही जुळणारे दिवस जूनच्या सुरुवातीला तीनच होते: 5, 6 आणि 7. हवामानतज्ज्ञ जेम्स स्टॅगनं 5 तारखेला नको म्हटलं, पण 6 ला वादळात थोडी उसंत मिळेल, असं सांगितलं. नाही तर पुढची संधी 19 जूनच्या सुमारास होती, आणि नेमकं 19 ला तिथे मोठं वादळ झालं.

एवढं करूनही ओमाहावर बेत पहिल्या तासातच कोलमडला. ढगांमुळे आपल्याच होड्यांवर बॉम्ब पडतील, या भीतीनं विमानांनी ते उशिरा सोडले; ते किनाऱ्यावरच्या बंकरांऐवजी आत शेतांत पडले. एका तुकडीनं कॅनव्हासचे पडदे लावलेले 29 तरंगते रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले, त्यांतले 27 बुडाले. प्रवाहानं होड्या पूर्वेला ढकलल्या, आणि उतरलेल्यांना समोरचा किनारा ओळखू येईना. हलता न येणारे जखमी चढत्या पाण्यात बुडाले. व्हर्जिनियातल्या बेडफर्ड या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावातली वीसएक पोरं त्या दिवशी गेली. बहुतेक एकाच कंपनीतली. गावात तारा पोचल्या त्या जुलैच्या मध्यावर.

मग वाळूच्या मागे टेकडी आहे, तिच्याकडे नीट बघ. टेकडीतून वर जाणाऱ्या घळींमधून रणगाड्यांसह वर जायचं ठरलं होतं, पण तिथेच जर्मनांचा मारा सर्वांत कडक होता. तेव्हा पाचपाच-दहादहा माणसं, पुष्कळदा वेगवेगळ्या तुकड्यांतली, घळी सोडून मधल्या चढावानं, सुरुंगांतून वाट काढत वर गेली. 51 वर्षांचा ब्रिगेडियर जनरल नॉर्मन कोटा गोळीबारात फिरून त्यांना उठवत होता. काही विनाशिका उथळ पाण्यात, तळ लागेल इतक्या जवळ येऊन तोफा डागत होत्या. बेतानं माणसांना पाण्याच्या कडेपर्यंत आणलं. पुढचं त्यांनी आपलं आपण शोधलं. मात्र उठले ते शूर आणि पडून राहिले ते भ्याड, असं समजू नकोस. बऱ्याच जणांची ती पहिलीच लढाई होती. त्यांत समुद्र लागून रात्रभर ओकलेले आणि भिजल्या ओझ्यानं वाकलेले होते. त्यांतले काही उठले, हेच नवल.

विजयानंतर सगळंच ठरल्याप्रमाणे झाल्यासारखं वाटतं. तसं नव्हतं, हे मित्रराष्ट्रांचा सरसेनापती आयझेनहॉवर जाणून होता. मोहीम फसलीच तर जाहीर करायची चिठ्ठी त्यानं आधीच लिहून ठेवली होती. सैनिकांनी करता येईल ते सगळं केलं, दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असा तिचा आशय. यश आल्यावर दोषाचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून मला ती चिठ्ठी मोलाची वाटते.

आणि तू राहतेस ते काँ. ते पहिल्याच संध्याकाळी घ्यायचं होतं. हाती यायला जुलै उजाडला. तोवर मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बनी शहराचा ढिगारा झाला होता. नॉर्मंडीच्या लढाईत सुमारे 20,000 फ्रेंच नागरिक मेले. तुझ्या घरमालकीणबाई म्हाताऱ्या आहेत म्हणतेस, तर त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेव. मुक्तीचा आनंद आणि घरचं माणूस गेल्याचं दुःख तिथे एकाच घरात नांदतं. परतताना ला कांबला जर्मनांचं कब्रस्तान आहे, 21,000 हून अधिक कबरींचं, तिथेही थांब. त्यांत शाळा सुटून फार दिवस न झालेली पोरं पुष्कळ आहेत. त्यांच्या बाजूचा बेत चुकीचाच होता, पण तो त्यांना कुणी विचारून केला नव्हता.

थंडीचे कपडे घे. आणि पाणी चढू लागलं की फोटो काढत थांबू नकोस.

तुझा,
मामा