संतीचा राग

रॉक ऐकणाऱ्या माणसाला देवाधर्माशी काही घेणं-देणं नसतं, असं मी विशीपासून धरून चाललो होतो. आता तसं वाटत नाही. देवावर माझा विश्वास बसलाय असंही नाही. पण श्रद्धा म्हणजे काय, याबद्दलचं माझं मत पार बदललं. त्याला एक रॉक अल्बम कारण झाला आणि तेरच्या गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं, आख्यान कारण झालं. ही दोन्ही मी वर्षानुवर्षं अर्धीच ऐकली होती.

धाराशिवहून तेर जवळ. चैत्र वद्यात काकांची यात्रा भरते आणि आमच्या घरून तिला जाणं ठरलेलं. तेरणेच्या काठी समाधी, मंडपात कीर्तन आणि त्यात काकांचंच आख्यान. काका चिखल तुडवता तुडवता नामात गुंगतात, रांगत आलेलं लेकरू पायाखाली जातं आणि त्यांना कळतही नाही. लहानपणी मला या प्रसंगाची भीती वाटायची. तो आला की मी मंडपातून उठून बाहेर दुकानांकडे जायचो. मोठेपणी भीतीची जागा रागानं घेतली. ज्या भक्तीत बापाला स्वतःच्या पोराचं रडणं ऐकू येत नाही, ती भक्ती मला नको होती.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती, पहाटेचे चार वाजायचे होते. लातूरकडचं किल्लारी, आमच्याकडचं सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं भूकंपात काही क्षणांत बसली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. झोपलेली माणसं त्याखालीच राहिली. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. लोहाऱ्याकडची आत्या वाचली, पण तिच्या गल्लीतली बरीच घरं वाचली नाहीत. ती गल्ली पाहून मी परत पुण्याला गेलो, तेव्हा देवाचं नाव घेणारा प्रत्येक माणूस मला खोटं बोलतोय असं वाटत होतं.

होस्टेलच्या खोलीत जॉन लेननचा १९७० सालचा पहिला स्वतंत्र अल्बम हाती आला. त्यातल्या देवावरच्या गाण्यात तो एकेक नाव घेऊन, यावर माझा विश्वास नाही, असं म्हणत जातो. येशू, बुद्ध, गीता, शेवटी खुद्द त्याचाच बँड, बीटल्स. मला हवं होतं ते कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. त्या वयात त्या गाण्यानं मला उभं ठेवलं आणि त्याबद्दलची कृतज्ञता आजही कमी झालेली नाही. पण ते गाणं म्हणजेच सगळा रॉक, असा समज मी करून घेतला. तो करणं सोपंही होतं, कारण बाकी बँडांची आमच्याकडे निवडक गाण्यांचीच कॅसेट असायची. दहा-बारा गाजलेली गाणी, वेगवेगळ्या अल्बमांतून उचललेली. कुठलं गाणं कशानंतर येतं, याचा पत्ताच लागत नसे.

लेननच्या त्या अल्बमच्या जेमतेम दोन आठवडे आधी, नोव्हेंबर १९७० मध्ये, बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ आला होता, हे मला फार उशिरा कळलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं सरळसरळ देवाला मारलेली हाक आहे. मागचा कोरस हालेलुयावरून हरे कृष्णवर येतो आणि आम्ही शाळेत म्हणायचो तो गुरुवंदनेचा श्लोकही त्यात ऐकू येतो. एक मित्र नाकारतोय, दुसरा हाका मारतोय. आणि दोन्ही अल्बमांत रिंगो स्टारचे ड्रम, क्लाउस फूरमानचा बेस आणि निर्मितीत फिल स्पेक्टर! वाजवणाऱ्यांना एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जाताना बाजू बदलावी लागली नव्हती. ती मी बदलायला लावत होतो.

खरा धक्का मात्र ‘द हू’ या बँडनं दिला. ‘बाबा ओ’रायली’ हे १९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’मधलं पहिलं गाणं माझ्या निवडक कॅसेटवर होतं आणि ते मला निव्वळ तरुणांच्या बंडाचं गाणं वाटायचं. त्यातला ‘बाबा’ कोण, हे कधी मनातही आलं नाही. तो बाबा म्हणजे मेहेरबाबा. दुसरं नाव संगीतकार टेरी रायलीचं. पुढं पुण्यातच एका मित्राकडं ‘द हू’च्याच ‘टॉमी’ची मूळ तबकडी पाहिली. तिच्या वेष्टनावर वादकांच्या नावांबरोबर अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. १८९४ मध्ये पुण्यात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी, १० जुलै १९२५ पासून मृत्यूपर्यंत मौनात राहिलेले. त्यांची समाधी नगरजवळ अरणगावच्या मेहेराबादला आहे. परंडा-भूमकडून आमच्या जिल्ह्याची शीव नगर जिल्ह्याला लागते. ज्या बँडची १९७६ मध्ये जगातला सर्वांत कर्णकर्कश बँड म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली, त्याची गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड जवळजवळ ४४ वर्षं न बोललेल्या, आमच्या शेजारच्या जिल्ह्यात पहुडलेल्या माणसाचा भक्त होता. मेहेरबाबा ३१ जानेवारी १९६९ रोजी गेले आणि ‘टॉमी’ त्याच वर्षी मे महिन्यात आला.

त्या दिवशी मी ‘टॉमी’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐकला. कॅसेटवरच्या पिनबॉलच्या गाण्यावरून मला ती एका खेळाची गंमत वाटायची. प्रत्यक्षात ती एका मुलाची भयंकर गोष्ट आहे. घरात घडलेला खून त्यानं आरशात पाहिलेला असतो. तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, असं आईबाप त्याला बजावतात आणि तो खरोखरच आंधळा, मुका, बहिरा होतो. नातेवाईक छळतात. पुढं आरसा फुटतो, तो बरा होतो, लोक त्याला गुरू करतात. मग तो भक्तांनाही डोळे-कान झाकायला लावतो आणि भक्त त्याच्याविरुद्ध उठतात.

गुरू मानणाऱ्या माणसानं, गुरू जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर, गुरूला झिडकारणाऱ्या भक्तांची गोष्ट जगापुढं ठेवली! आणि अल्बम तिथं संपत नाही. त्या झिडकारण्यानंतर जे शेवटचं गाणं चढत जातं, ती प्रार्थनाच आहे. श्रद्धेत शंकेला जागा नसते, हा माझा सगळ्यात पक्का मुद्दा होता. तो त्या संध्याकाळी मोडला.

त्यानंतरच्या चैत्रात मी आईबरोबर तेरला गेलो आणि लेकरू पायाखाली गेल्यावरही बसून राहिलो. पुढचं सगळं मला ठाऊक होतं, पण कान देऊन कधी ऐकलं नव्हतं. पाणी घेऊन परतलेली काकांची बायको संती चिखल पाहते आणि फुटते. बुवांनी तिचा आक्रोश घाईनं उरकला नाही. ती नवऱ्याला बोलते, नवऱ्याच्या विठ्ठलाला बोलते. काका चिडून तिच्यावर धावून जातात, तेव्हा ती त्यांना शपथ घालते, मला हात लावाल तर तुमच्या विठ्ठलाची आण. काकांना ती पाळावी लागते, इतकी की पुढं स्वतःचे हात तोडण्यापर्यंत गोष्ट जाते. त्यांच्याच देवाला तिनं आपल्या बाजूनं उभं केलं. मंडपातल्या बाया तिच्यासाठी रडत होत्या, काकांच्या समाधीसमोर बसून, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माझा राग वारकऱ्यांनी कित्येक शतकं आधीच आख्यानात जपून ठेवला होता. जनाबाईनं विठ्ठलाला दिलेल्या शिव्याही गाथेतच आहेत, बाहेर नाहीत.

मग मी आत्याला विचारलं. भूकंपानंतरच्या नवरात्रात तिनं पत्र्याच्या शेडमध्ये घट बसवला होता. तेव्हा मला तिची कीव आली होती, तिला काही समजत नाही असं वाटलं होतं. ती म्हणाली, “घट बसवला, पण नऊ दिवस देवीशी भांडले. माळ घालताना रोज विचारायचे, शेजारची लेकरं तुला का दिसली नाहीत?” मी विचारलं, उत्तर मिळालं का. “नाही मिळालं,” ती म्हणाली. “पण मी दुसऱ्या कुणाला विचारणार होते?” मी देवाला सोडून दिलं होतं आणि त्याला जाब विचारणं तेवढ्यावर संपवलं होतं. आत्यानं सोडलं नव्हतं, म्हणून तिचा जाब चालू होता.

कीर्तनाचा शेवट मला अजून पचत नाही. पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात काकांना हात फुटतात, लेकरू रांगत येतं. किल्लारी-सास्तूरला कुणाचं लेकरू रांगत परत आलं नाही. हे मी आईला स्पष्ट सांगितलंय. तिला तो शेवट हवाच आहे. तिचं म्हणणं असं, की तो नसेल तर संतीवर फार अन्याय होतो, कारण एवढं बोलूनही तिच्या पदरात काहीच पडत नाही. या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही. आई आरतीपर्यंत उठत नाही, तिच्याबरोबर आता मीही बसतो.