उजनीच्या काठी गळ टाकून

बारामतीला पाहुणे आले की आपण त्यांना मोरगावला नेतो, मयुरेश्वराचं दर्शन घडवतो आणि घरी आणून पुरणपोळी वाढतो. पुढच्या खेपेला, मैत्रिणींनो, एक दिवस भिगवणसाठी राखून ठेवा. बारामतीहून एसटीनं फार वेळ लागत नाही, आणि पुणे-सोलापूर रेल्वेवर भिगवणचं स्टेशनही आहे.

हे पाणी उजनी धरणाचं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि इंदापूर, दौंड, करमाळा तालुक्यांतली कितीतरी गावं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातच राहिलं. दुष्काळी उन्हाळ्यात ते उघडं पडतं. ज्यांची माहेरं त्या पाण्याखाली गेली, त्यांना ते बघताना काय वाटत असेल, ते तुम्हां-आम्हांला सांगायला नको.

शिवारं गेली नि मासे आले. जाळी टाकणारे पोटासाठी टाकतात, पण काठावर गळ टाकून बसणारे हौशीही पुष्कळ. मुलांना हे फार आवडतं, बरं का! लागतं काय? काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, आणि गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. गळ मात्र बारीकच हवा. चिलापीचं तोंड लहान. जाड गळाभोवतीची कणीक ती कुरतडून खाते आणि पसार होते. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, त्याच्याच अंगाभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून काढायचं, ओलं करायचं आणि मग आवळायचं. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला यात अवघड ते काय? स्कॉटलंडकडे सॅमन नि सी-ट्राउटसाठी सुईसारख्या सडपातळ दांडीवर पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटं आमिष बांधतात. बघायला गेलं तर भरतकामच ते!

ही चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. पिल्लं जपण्याच्या या रीतीमुळेच ती इतकी वाढली, की रोहू, कटला नि मरळ यांना तिच्याशी झगडावं लागतं. त्यात पुण्या-पिंपरीचं सांडपाणी नदीतून इथंच येतं, आणि बारीक आसाच्या जाळ्यांत बोटभर पिल्लंही ओढली जातात. अशी पिल्लं वाट्यावर विकायला दिसली तर घेऊ नका. आपण घेतो म्हणून ती धरली जातात.

भिगवणच्या बाजारात मासा घेताना कल्ला उचलून बघा. लालभडक हवा, डोळा स्वच्छ हवा. चिलापीच्या पोटातलं काळं अस्तर खरवडून काढा. मग हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवा. मातकट वास बराच जातो.

हिवाळ्यात गेलात तर कुंभारगावहून होडीनं रोहित पक्षी बघता येतात. तिथले मासेमारच नावाडी, आणि पाण्याची खडानखडा माहिती असलेले. पण २०२४ च्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट उलटली नि सहा जणांचा जीव गेला. म्हणून होडीत बसण्याआधी जीवरक्षक जाकीट मागा, मुलांना स्वतःच्या हातानं घाला, आणि वारा सुटलेला दिसला तर पैसे परत मिळोत न मिळोत, काठावरच थांबा. गळ टाकायला काठ पुरतोच.