घरचा शब्द

जपानी शिकू लागल्यापासून मला त्या भाषेतल्या एका शब्दाचं अप्रूप वाटत आलं आहे: ओचिनचिन. लहान मुलाच्या लिंगाला जपानी घरांत हेच म्हणतात. सुरुवातीचा ‘ओ’ आदराचा. चहाला ‘ओचा’, पैशाला ‘ओकाने’ म्हणताना जो ‘ओ’ लागतो, तोच. आंघोळ घालताना आई हा शब्द उच्चारते. लहानग्याला कुठे दुखतंय हे विचारताना डॉक्टरही तो वापरतात. त्यात ना शिवी आहे, ना संकोच.

वैद्यकाची भाषा अर्थातच वेगळी. तिथे लिंगाला ‘इन्केई’ म्हणतात. त्यातलं एक अक्षर झाकलेल्या, सावलीतल्या जागेचं, दुसरं देठाचं. वृषण म्हणजे ‘सेइसो’, बीजाचं घरटं. 1774 साली सुगिता गेनपाकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काइताइ शिन्शो’ हा शरीररचनेचा ग्रंथ डचवरून आणला, तेव्हा अडलेल्या जागी चिनी अक्षरं जोडून त्यांनी नवे शब्द घडवले. मज्जातंतूला आजही वापरला जाणारा ‘शिन्केई’ त्यांचाच. जपानी डॉक्टरांची परिभाषा पुढेही याच रीतीने वाढत गेली.

रस्त्यावरची बोली याहून मोकळी. वृषणांना ‘किंतामा’, सोन्याचे गोळे. पुरुष आपल्या लिंगाला ‘मुसुको’, म्हणजे मुलगा, म्हणतात. मार लागू नये अशी ही नाजूक जागा म्हणून ‘क्यूशो’, मर्मस्थान. जपानी खाणावळींच्या दारात तानुकी या प्राण्याचा मातीचा पुतळा उभा असतो: डोक्यावर गवती टोपी, हातात साकेची बाटली आणि खाली जमिनीला टेकलेले भलेमोठे वृषण. ते भरभराटीचं लक्षण मानतात. आइची प्रांतातल्या तागाता देवळात दर 15 मार्चला सायप्रसच्या लाकडात कोरलेलं सुमारे अडीच मीटर लांबीचं लिंग मिरवत नेतात. चांगलं पीक यावं, घर भरावं, एवढंच त्यामागचं मागणं.

हा मोकळेपणा मला मनापासून आवडतो, पण तो अर्धाच आहे. मुलीच्या अवयवाला ओचिनचिनसारखा सर्वांच्या तोंडी रुळलेला घरचा शब्द जपानीत नाही. जो बोलीत आहे तो टीव्हीवर उच्चारता येत नाही. मेगुमी इगाराशी या चित्रकर्तीने स्वतःच्या योनीच्या आकाराची त्रिमितीय माहिती लोकांना पाठवली म्हणून 2014 मध्ये तिला अटक झाली आणि पुढे चार लाख येनचा दंड बसला. पुरुषाच्या अवयवाची मिरवणूक निघते आणि स्त्रीच्या अवयवावर खटला उभा राहतो, हे मला अन्यायाचंच वाटतं.

आणि आपली मराठी? पुस्तकात शिश्न आणि वृषण, रस्त्यावर शिव्या, घरात फार तर ‘शूची जागा’. चारचौघांत शांतपणे उच्चारता येईल असा शब्द मुलाच्या हाती आपण देतच नाही. मग तिथे दुखलं, खाजलं किंवा कुणी नको तसा हात लावला, तर ते लेकरू सांगणार कोणत्या शब्दांत? शब्द नसला की तक्रारही पोटातच राहते. म्हणून घराघरांतल्या आईबाबांना, आजीआजोबांना माझी विनंती आहे: नाक, कान, गुडघा शिकवता त्याच आवाजात या अवयवांचे शब्दही शिकवा, मुलाला आणि मुलीलाही.