दात पांढरे करण्याआधी

धाकटीचा निकाह दोन महिन्यांवर आला होता. कपडे, दागिने, दावतीची यादी अशी सगळी घाई चाललेली. एका रात्री अम्मीने आम्हा दोघी बहिणींना जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "माझे दात जरा पांढरे करून मिळतील का गं? फोटोत सगळे बघतील." हसताना तोंडावर पदर धरणारी आमची अम्मी. तिने स्वतःसाठी काही मागितल्याचे आम्हाला आठवत नव्हते.

खरे तर आम्हालाही आपापल्या दातांची लाज वाटायची. थोरलीचे दात पिवळसर, धाकटीचा पुढचा एक दात राखाडी आणि अम्मीचे मशेरीने काळवंडलेले. लिंबू आणि खायचा सोडा, कोळशाची पूड, मीठ असे घरचे उपाय आम्ही करून पाहिले होते. दात पांढरे झाले नाहीत, थंड पाणी मात्र झोंबू लागले. शेवटी तिघी तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्या म्हणाल्या, "रंग का बदलला ते आधी बघू. कारण वेगळे तर उपायही वेगळा."

दातावर एनॅमलचे कवच असते आणि त्याच्या आतला थर मुळातच पिवळसर असतो. वय वाढते तसे कवच झिजते आणि आतला पिवळा रंग दिसू लागतो. लिंबाच्या आंबटपणाने आणि खरखरीत पुडीने आम्ही हेच कवच झिजवत होतो. ते एकदा गेले की पुन्हा येत नाही.

थोरलीच्या दातांवर चहाचे डाग आणि कीटण होते. दात साफ केल्यावर निम्मा पिवळेपणा गेला. साफ केल्याने दात हलू लागतात, हा आमचा समजही गेला. उरलेल्यासाठी ब्लीचिंग करता येते. पेरॉक्साइडचे औषध साच्यात भरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवस दातांवर लावायचे. त्याने थोडे दिवस दात शिवशिवतात, रंग कायमचा टिकत नाही, सिमेंट भरलेल्या किंवा कॅप बसवलेल्या दाताचा रंग बदलत नाही आणि गरोदरपणात ते करत नाहीत. सगळे ऐकून थोरलीने सफाईवरच भागवले.

धाकटी लहानपणी ओट्यावरून पडली होती. तो मार लागलेला दात आतून मेला होता, म्हणून राखाडी झाला. वरून कितीही घासून तो उजळला नसता. त्याचे रूट कॅनाल करून आतून ब्लीचिंग केले.

सगळेच डाग असे सहज जात नाहीत. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल, तर वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे उठतात. गरोदरपणी आईने किंवा आठ वर्षांखालील मुलाने टेट्रासायक्लिन हे औषध घेतले असेल, तर मुलाचे दात करडे होऊ शकतात. तिथे कधी दाताच्या रंगाचा लेप, कधी पातळ कवच बसवावे लागते. कवचासाठी मूळ दात थोडा घासतात आणि घासलेला भाग परत येत नाही. म्हणून घाई करू नये.

मग अम्मीची पाळी आली. "मावशी, मशेरी लावता?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. अम्मी "नाही" म्हणाली. आम्ही एकमेकींकडे पाहिले. लहानपणी तव्यावर तंबाखू भाजून, कुटून तिची डबी आम्हीच तर भरून ठेवायचो. शेवटी आम्हीच सांगितले, "लावते. आमच्या जन्माआधीपासून." परतीच्या वाटेवर अम्मी आमच्याशी बोलली नाही.

पण तेवढे सांगितल्यामुळेच बाईंनी गाल ताणून आत नीट पाहिले. हिरडीजवळ गालाच्या आतून एक पांढरट, खरखरीत चट्टा होता. दुखत नव्हता, म्हणून कुणाला कळलाच नव्हता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत घरात मेंदीच्या गप्पा चालायच्या आणि आम्ही दोघी नमाजनंतर हात उचलून रडायचो. अल्हम्दुलिल्लाह, कर्करोग निघाला नाही. पण मशेरी सुटली नाही तर पुढे होऊ शकतो, असे बाईंनी स्पष्ट सांगितले.

त्या संध्याकाळी अम्मीने डबी चुलीत टाकली. पुढचे दिवस सोपे नव्हते. चिडचिड व्हायची, झोप लागायची नाही, दोनदा तिने शेजारणीकडून चिमूटभर आणलीही. आम्ही ओरडलो नाही. तंबाखू सोडण्यासाठी 1800 11 2356 या मोफत क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, तिथे तिला बोलायला लावले. मशेरीच्या वेळेला तिच्या हाती मिस्वाक दिली. उम्मतीला जड जाईल असे वाटले नसते, तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाकचा हुकूम दिला असता, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. वुझूच्या आधी पीलूची ती मऊ काडी हळुवार फिरवायची तिला सवय लागली.

निकाहच्या दिवशी अम्मीचे दात मोत्यासारखे नव्हते. सफाईनंतर काळपटपणा गेला, पिवळसर झाक राहिली. फोटोत मात्र तिचा पदर खांद्यावर आहे. चट्टा दाखवायला ती अजून ठरल्या वेळी जाते.

बहिणींनो, घरात कुणी दातांच्या रंगाला लाजत असेल, तर आधी कारण शोधा. आणि घरात मशेरीची डबी असेल, तर ती लपवायला मदत करू नका. आम्ही ती खूप वर्षे केली.