आबांची मैना

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मी प्रथम ऐकली ती भिवंडीत, यंत्रमागावर राबणाऱ्या माझ्या वडिलांच्या तोंडून. वसतिगृहात भेटीला आले की ते ती आम्हा मुलांना म्हणून दाखवीत. ना डफ, ना तुणतुणे. मांडीवर हाताचा ठेका आणि संथ, ओवीकडे झुकणारी चाल. पहाटे बांधलेली भाकरी, गावदरीपर्यंत पोचवायला आलेली पत्नी, एवढ्यावरच ते फार रेंगाळत. मुंबईचे वैभव आणि बेळगाव-कारवारावाचून खंडित राहिलेला महाराष्ट्र हा उत्तरार्ध त्यांनी पार गाळलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेखांनी ती कशी गाजवली, हे पुढे वाचनात आले आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “आबा, निम्मं गाणं राहिलं की!”

“ते सभेत म्हणायचं. मला एवढंच लागतं.”

आई तेव्हा गावी परक्याच्या शेतात खुरपत होती.

मूळ गाण्यातील आवेश आजही मला आवडतो. परंतु कानांत राहिली आहे ती आबांचीच चाल, आणि गावदरीपाशी हमखास अडखळणारा त्यांचा आवाज.