शास्त्रीबुवांचा तर्क

आमच्या गुलबर्ग्यात शरणबसवेश्वराच्या रथाला हात जोडणारे किंवा बंदेनवाजांच्या दर्ग्यात चादर चढविणारे ईश्वराचा पुरावा मागत नाहीत. तो मागतात शाळकरी मुले. अशा एका विद्यार्थ्यास आम्ही नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची हकीकत सांगितली.

आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर, काशीत वाढलेला हा पंडित मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघाला आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाला. घटावरून कुंभाराचे अनुमान व्हावे तसे जगावरून ईश्वराचे, असे आपले नैयायिक म्हणतात. पण त्यांचा ईश्वर ना परमाणू निर्माण करतो, ना जीव. मग त्याचे कर्तृत्व ते केवढे? ब्रह्म एकमेव, तर अज्ञान झाले कोणाला? 'षड्दर्शनदर्पणा'त शास्त्रीबुवांनी असे पेच टाकले. पंडिता रमाबाईंच्या १८८३ च्या धर्मांतरामागेही त्यांच्या युक्तिवादाचा वाटा होता. (त्यांचे सारे पेच आम्हांस पटतात असे नव्हे.)

मात्र ज्या तर्काने ते तेथे पोचले, त्याच तर्काने पुढे त्यांचा पिच्छा पुरविला. शंकांनी त्यांस अखेरपर्यंत सोडले नाही. १८९५ साली ते ख्रिस्ती म्हणूनच वारले.

"शंका होत्या, तर ते परत का फिरले नाहीत, सर?" मुलाने विचारले.

आम्हांस उत्तर सुचले नाही.